ब्रूस वेनचा हिशोब

बॅटमॅनवर घेतला जाणारा सगळ्यात लोकप्रिय आक्षेप पैशांचा आहे. एवढा गर्भश्रीमंत माणूस, वाडवडिलांची कंपनी, डोंगरावर हवेली, आणि हा रात्री वटवाघळाचा वेष करून भुरट्या चोरांना बदडत फिरतो? तेच पैसे शाळांना दिले असते, दवाखाने काढले असते, चार पोरांना नोकरीला लावलं असतं, तर गॉथम शहर केव्हाच सुधारलं असतं की! हा विनोद मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता समोरच्यानं 'बॅटमॅन' म्हटलं की पुढचं वाक्य मीच पूर्ण करते.

आक्षेप मला आवडतो. पूर्ण पटत मात्र नाही. आणि जो आक्षेप खरोखर घ्यायला हवा, तो फारसं कुणी घेताना दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं बॅटमॅनवर एवढं का लिहावं, असा प्रश्न आमच्या नात्यागोत्यातल्या काही वाचकांना पडेलच. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे आमचा भाचा. वय वर्षं 14. सध्या त्याच्याशी कुठल्याही विषयावर बोलायला गेलं की गाडी गॉथमच्या स्टेशनात जाऊन थांबते. दुसरं कारण पेशाचं. गेली पंचवीस वर्षं मी लोकांचे हिशोब तपासते. समोर कुणी 'मी हे सगळं लोकांसाठी करतो' म्हणालं, की माझा हात आपोआप पावत्यांकडे जातो. ब्रूस वेन हे वाक्य 1939 पासून म्हणतोय. एकदा पावत्या बघू या.

आधी थोडी पार्श्वभूमी. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27व्या अंकात. मुखपृष्ठावर तारीख मे 1939. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी त्याला घडवला, पण नाव लागलं एकट्या केनचं. फिंगर 1974 साली वारला, आणि त्याचं नाव अधिकृतपणे श्रेयनामावलीत आलं ते 2015 मध्ये. (अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या नायकाच्या जन्मकथेतच हा एवढा अन्याय. असो.) आईबापांच्या खुनाची गोष्ट पहिल्या अंकात नव्हती, ती त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 33व्या अंकात आली. लहानगा ब्रूस, सिनेमा बघून परतणारे आईवडील, अंधारी गल्ली, एक पिस्तुलवाला चोर, दोन मृतदेह. मेणबत्तीच्या उजेडात त्या पोरानं घेतलेली शपथ. बाकी सगळं तिथून निघतं.

नायक श्रीमंत असणं ही काही फिंगर-केन जोडीची नवी कल्पना नव्हती. दिवसा आळशी, छानछोकी, निरुपयोगी दिसणारा उमराव आणि रात्री मुखवटा, हा साचा जुनाच. बॅरोनेस ऑर्झीचा 'स्कार्लेट पिंपर्नेल' 1905 सालच्या कादंबरीत हेच करतो. जॉन्स्टन मॅक्कलीचा झोरो 1919 मध्ये हेच करतो. पुढच्या अनेक कथांमध्ये तर त्या काळरात्री वेन कुटुंब झोरोचाच सिनेमा बघून बाहेर पडलेलं दाखवलंय, म्हणजे बॅटमॅननं ऋण फेडलं म्हणायचं. आणि आपल्या पिढीचा जीव की प्राण असलेला वेताळ? ली फॉकचा तो नायक 1936 चा, म्हणजे बॅटमॅनपेक्षा तीन वर्षांनी मोठा. 1964 ते 1990 या काळात 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून तो आपल्याकडे घरोघरी पोचला. त्याच्या घराण्याचीही शपथ आहेच, बापाच्या खुन्याच्या कवटीवर घेतलेली. पोरक्या पोरानं शपथ घ्यायची आणि आयुष्यभर ती वाहायची, हे दोघांत सारखं. फरक एवढाच की वेताळाला आम्ही कधी विचारलं नाही, 'अरे, त्यापेक्षा बांडार लोकांसाठी शाळा का काढत नाहीस?' बॅटमॅनला विचारतो, कारण बॅटमॅन शहरात राहतो. शहर म्हटलं की महापालिका आली, पोलीस आले, कर आला, आणि प्रश्नही आले.

तर आता पैसे.

'फोर्ब्स' मासिक काही वर्षं काल्पनिक पात्रांतल्या धनाढ्यांची गमतीदार यादी काढायचं. 2013 च्या यादीत ब्रूस वेनची संपत्ती 9.2 अब्ज डॉलर धरली होती. वाचायला प्रचंड. आता ती कशाशी ताडून बघायची? गॉथम हे न्यूयॉर्कचंच जुनं टोपणनाव, 1807 पासूनचं, वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या मंडळींनी चेष्टेनं ठेवलेलं. म्हणून न्यूयॉर्क घेऊ. त्या शहराच्या महापालिकेचा वर्षाचा खर्च आज 100 अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणजे ब्रूस वेननं आपलं किडूकमिडूक, हवेली, मोटारी, गुहेतला तो अवाढव्य डायनोसॉरसुद्धा विकून सगळं शहराला दिलं, तर शहर जेमतेम महिनाभर चालेल. नुसतं पोलीस खातं घेतलं, तर त्यालाही वर्षाला पाच अब्जांच्या वर लागतात. दोन वर्षांत खेळ खलास.

त्यातही ती संपत्ती रोख नाही. कंपनीचे शेअर आहेत. एकदम विकायला काढले तर भाव कोसळणार, आणि वेन एंटरप्रायझेसमध्ये काम करणाऱ्या हजारो गॉथमकरांच्या पोटावर पाय येणार. 'श्रीमंतानं पैसे दिले की शहर सुधारतं' हे वाक्य मोठ्या आकड्याच्या भुरळीतून येतं. शहरं एका माणसाच्या दानावर चालत नाहीत, ती लाखो लोकांच्या करावर चालतात. (कर भरा. हे आपलं जाता जाता.)

दुसरं म्हणजे ब्रूस वेन दानधर्म करत नाही, हेच मुळात खरं नाही. कॉमिक्समध्ये वेन फाउंडेशन आहे. 1969 च्या शेवटी आलेल्या 'बॅटमॅन'च्या 217व्या अंकात तो हवेली बंद करून शहरात राहायला येतो आणि गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी एक योजनाच सुरू करतो. पण ही पानं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. धनादेशावर सही करणाऱ्या माणसाचं चित्र काढून अंक खपत नाहीत ना!

आणि दान केल्यानं काय होतं, याचंही उत्तर बॅटमॅनच्याच सिनेमांनी दिलंय. 2005 च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये ब्रूसचा बाप थॉमस वेन मंदीच्या काळात शहरासाठी स्वस्त रेल्वे बांधतो. शेवटी काय होतं? खलनायक तीच रेल्वे वापरून शहरभर विष पसरवायला निघतो. 2022 च्या 'द बॅटमॅन'मध्ये तर कमाल आहे. थॉमस वेननं शहराच्या पुनरुज्जीवनासाठी एक अब्ज डॉलरचा फंड काढला, तो मेला, फंडावर देखरेख करायला कुणी उरलं नाही, आणि वीस वर्षं गुंड, पोलीस, वकील आणि पुढारी त्यावर गुबगुबीत झाले. ज्या अनाथाश्रमाला पैसे मिळायला हवे होते, त्यातलाच एक उपाशी पोरगा मोठा होऊन रिडलर होतो. लोकांना त्या सिनेमात पावसातली मारामारी आठवते. मला विचाराल तर त्यातला खरा खलनायक ऑडिट न झालेला फंड आहे :-)

हे मी नुसतं चेष्टेत म्हणत नाही. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं. त्या निमित्तानं मी अशा खर्चाचे पुष्कळ हिशोब पाहिलेत. एका कंपनीनं आडगावच्या एका शाळेला वीस संगणक दिले होते. कागद चोख. पावत्या, फोटो, हार, नारळ, सगळं. वर्षानं प्रत्यक्ष बघायला गेले तर खोक्यांवरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. का? तर त्या खोलीत विजेचा पॉइंटच नव्हता, आणि पॉइंटचा खर्च कुठल्याच मंजुरीत बसत नव्हता. तिथून बारा किलोमीटरवर दुसरी शाळा. तिथे तीनच जुने संगणक, पण एक बाई होत्या. त्यांनी स्वतः पिच्छा पुरवून वीज ओढून घेतली होती, आणि सातवीची पोरं पाचवीच्या पोरांना शिकवत होती. पैसे दोन्हीकडे पोचले होते. बाई एकाच ठिकाणी होत्या.

तेव्हा 'मारामारीपेक्षा पैसे द्यायचे' या आक्षेपाला माझं उत्तर असं, की पैसे माणसांच्या हातातून जातात, आणि गॉथमची गोम त्या हातांतच आहे. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या 1987 च्या 'इयर वन'मध्ये हे फार छान आलंय. पोलीस आयुक्त विकला गेलेला, हवालदार विकले गेलेले, बडी मंडळी त्यांच्याबरोबर जेवायला. त्या कथेत ब्रूस पहिल्या रात्री शहर सुधारायला निघतो तेव्हा काय होतं बघा. एका अल्पवयीन मुलीला वाचवायला जातो, हाणामारी होते, ती मुलगीच त्याच्या मांडीत सुरा खुपसते, आणि वर पोलिसांची गोळी खाऊन तो रक्तबंबाळ होऊन घरी येतो. गॉथममध्ये खराखुरा फरक पडायला लागतो तो जिम गॉर्डन नावाच्या एका न विकल्या गेलेल्या पोलिसामुळे आणि हार्वी डेंट नावाच्या सरकारी वकिलामुळे. बॅटमॅनचं काम एवढंच, की या दोघांना जिवंत ठेवायचं.

या अर्थानं बघितलं तर त्याची निवड तितकीशी मूर्खपणाची नाही. जिथे प्रामाणिक माणसाला एकटं गाठून संपवतात, तिथे त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं राहणं हीसुद्धा गुंतवणूकच आहे. पैशांच्या मुद्द्यावर मी ब्रूसला पास करते.

आता भाच्याचा प्रश्न. 'मावशी, तो जोकरला मारून का नाही टाकत? किती जणांना मारलंय त्यानं!'

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर फारच व्यवहारी आहे. सुरुवातीचा बॅटमॅन मारायचा. पहिल्याच कथेत त्याच्या ठोशानं गुन्हेगार तेजाबाच्या टाकीत पडतो आणि त्याला काही वाटत नाही. 1940 च्या वसंतात 'बॅटमॅन'चा स्वतंत्र पहिला अंक निघाला, त्यात तो विमानातून मशीनगन चालवतो. मग संपादक व्हिटनी एल्सवर्थनं बंदुका बंद केल्या. त्याच अंकात जोकरही पहिल्यांदा आला. तो शेवटी मरायचा होता, पण एवढा चांगला खलनायक वाया कशाला घालवा म्हणून एल्सवर्थनंच त्याला वाचवला. म्हणजे जोकर जिवंत आहे तो खपामुळे. उलट टोकाला 1988 चा प्रकार. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांनी फोनवर मत देऊन ठरवायचं होतं. मरावा म्हणणारे 5,343, जगावा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी पोरगा मेला. जोकरच्या हातून.

पण व्यवहार बाजूला ठेवून गोष्टीच्या आत शिरलं, तरी प्रश्न उरतोच. पुढे 2005 च्या सुमाराला तोच जेसन परत येतो आणि बॅटमॅनला हेच विचारतो, की मला मारणाऱ्याला तू जिवंत कसा ठेवलास? बॅटमॅनचं उत्तर साधारण असं असतं, की एकदा ती पायरी उतरलो तर परत वर येता येणार नाही. हे उत्तर मला कमी पडतं. त्यात सगळं त्याच्या स्वतःच्या मनाबद्दल आहे. बाकीच्या शहराचं काय?

माझं उत्तर वेगळं आहे. जोकर पुन्हा पुन्हा सुटतो हा दोष बॅटमॅनचा नाहीच. त्यानं पकडून दिला. पुढचं काम न्यायालयाचं आणि अर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळाचं. तिथली दारं चाळणीसारखी असतील तर दारं दुरुस्त करायला हवीत. (इथे मात्र वेन एंटरप्रायझेसचे पैसे जरूर लावावेत!) 'पकडून देणारा' आणि 'शिक्षा देणारा' हे दोन वेगळे असले पाहिजेत, एवढं एकच तत्त्व बॅटमॅननं धरून ठेवलंय, आणि त्या एका तत्त्वामुळे तो गुंडांच्या दुसऱ्या टोळीचा म्होरक्या होण्यापासून वाचलाय. म्हणूनच 'बॅटमॅन बिगिन्स'च्या शेवटी तो रा'स अल गूलला मारत नाही पण वाचवतही नाही, ही पळवाट मला बिलकुल आवडली नाही. हिशोबाच्या वहीत अशा नोंदीला आम्ही वेगळं नाव देतो.

आता थोडं नाजूक बोलते. आमच्या घरचे बरेच जण हे वाचतात, म्हणून मुद्दामच इथे लिहिते.

डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर अत्याचार करून तिला मारल्याच्या आरोपावरून पकडलेले चौघे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या सकाळी टाळ्यांचा पाऊस पडला होता. 'असंच पाहिजे', 'न्याय झाला', कुणीतरी बॅटमॅनचं चित्रही टाकलं होतं. राग मला समजतो. मलाही त्या बातमीनं झोप आली नव्हती. पण पुढचं फार कमी जणांनी वाचलं. सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याचा अहवाल 2022 मध्ये जाहीर झाला. स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या ही पोलिसांची हकिगत आयोगाला विश्वास ठेवण्याजोगी वाटली नाही, गोळ्या मारण्याच्याच हेतूनं झाडल्या असं त्यानं म्हटलं. आणि मेलेल्या चौघांपैकी तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असाही निष्कर्ष काढला. त्यांनी ते कृत्य केलं होतं की नव्हतं, किती केलं, कुणी केलं, हे आता कुठल्याच न्यायालयात ठरणार नाही. त्या मुलीच्या बाबतीतलं सत्यही त्यांच्याबरोबर गेलं.

त्या दिवशी बॅटमॅनचं चित्र टाकणाऱ्याला एवढंच सांगायचंय, की बॅटमॅननं हे केलं नसतं. अगदी जोकरला पकडल्यावरही नाही.

इथे मला तो खरा आक्षेप दिसतो, जो फारसा कुणी घेत नाही. बॅटमॅन ज्याला बदडतो तो नेहमी गुन्हेगारच असतो. का? कारण मागच्या चौकटीत आपण त्याला गुन्हा करताना पाहिलेलं असतं. लेखक साक्षीदार, चित्रकार पुरावा, आणि वाचक न्यायाधीश. चूक होण्याची शक्यताच नाही. खऱ्या आयुष्यात मागची चौकट नसते.

न्यूयॉर्कनं हे एकदा अनुभवलंय. 22 डिसेंबर 1984 रोजी बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसानं भुयारी रेल्वेत आपल्याकडे पाच डॉलर मागणाऱ्या चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. त्याला स्वतःला तीन वर्षांपूर्वी लुटलं गेलं होतं. शहर गुन्हेगारीनं गांजलेलं. सुरुवातीला लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. चौघंही वाचले, पण एक कायमचा अपंग झाला. ते लुटणार होते की नुसते पैसे मागत होते? 1987 मध्ये ज्युरीनं गेट्झला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, फक्त बेकायदा पिस्तुलासाठी दोषी धरलं. 1996 मध्ये दुसऱ्या ज्युरीनं त्या अपंग तरुणाला 4 कोटी 30 लाख डॉलर द्यायला सांगितलं. एकच घटना, दोन ज्युरी, दोन निवाडे. आणि या दोन्हींच्या आधी, 1986 मध्ये, मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' बाजारात आलं आणि जग म्हाताऱ्या, संतापलेल्या बॅटमॅनच्या प्रेमात पडलं. मी दोन्हींचा संबंध जोडत नाही. पण त्या शहरात त्या वर्षी ते पुस्तक वाचताना लोकांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार करून बघावा.

म्हणून बॅटमॅनची खरी अडचण मला पैशात दिसत नाही, मुखवट्यात दिसते. त्याला जाब विचारणारं कोण आहे? आल्फ्रेड, लुशियस फॉक्स आणि गॉर्डन. एक घरचा माणूस, एक नोकरीतला, एक मित्र. ऑडिटर म्हणून यातल्या एकाचीही नेमणूक मी मान्य केली नसती. 2008 च्या 'द डार्क नाइट'मध्ये तो शहरातल्या प्रत्येकाचा मोबाइल कान म्हणून वापरतो. फॉक्स म्हणतो, हे यंत्र असेपर्यंत मी इथे काम करणार नाही. शेवटी यंत्र नष्ट होतं. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ते नष्ट झालं ते बॅटमॅनच्या मर्जीनं! त्याची मर्जी नसती तर? त्याच सिनेमाच्या शेवटी तो आणि गॉर्डन ठरवतात, की हार्वी डेंटनं केलेले खून लोकांना सांगायचे नाहीत. हेतू उदात्त. 2012 च्या पुढच्या भागात कळतं, की त्या खोट्यावर उभ्या केलेल्या कायद्यानं हजारभर माणसं आठ वर्षं तुरुंगात आहेत. दोन भल्या माणसांनी बंद खोलीत घेतलेला निर्णय. हिशोबात घोटाळे करणारी माणसं वाईटच असतात असं नाही, हे मी पंचवीस वर्षांत पुष्कळदा पाहिलंय. बरेचदा ती फार चांगली असतात. फक्त त्यांना वही कुणाला दाखवायची नसते.

रॉबिनबद्दल थोडक्यात, कारण तिथे वादाला जागाच नाही. बॅटमॅनला बोलायला कुणीतरी हवं, शेरलॉक होम्सला वॉटसन असतो तसं, म्हणून एप्रिल 1940 मध्ये रॉबिन आला. लेखकाची सोय मला कळते. पण ब्रूसची? आईबाप गमावलेलं पोर घरी आणणं, हे त्याचं सगळ्यात चांगलं काम. त्याला चड्डी-मुखवटा घालून रात्री गुंडांसमोर उभं करणं, हे सगळ्यात वाईट. आल्फ्रेडनं पोरक्या ब्रूसला शाळेत घातलं होतं. ब्रूसनं पोरक्या डिकला स्वतःच्या दुःखात कामाला लावलं. माझ्या भाच्याला हे पटत नाही. त्याला रॉबिन व्हायचंय. म्हणूनच तर मोठ्यांनी नाही म्हणायचं असतं!

या सगळ्यात एक पात्र आहे, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं आणि जिचं नाव सिनेमा बघणाऱ्यांना बहुधा ठाऊकच नसतं. लेस्ली थॉम्पकिन्स. डेनिस ओ'नीलनं लिहिलेली ही कथा मार्च 1976 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये, 457व्या अंकात आली. आईबापांना गोळ्या लागल्या त्या रात्री, त्या रस्त्यावर रडणाऱ्या पोराला जवळ घेणारी बाई. बॅटमॅन दर वर्षी त्या तारखेला त्या गल्लीत जातो. गल्लीचं नाव आता 'क्राइम ॲली' पडलंय. पैसेवाले केव्हाच सोडून गेले. लेस्ली तिथेच आहे, म्हातारी झालीय, आणि अजून त्या गल्लीतल्या लोकांसाठी राबतेय. पुढच्या कथांमध्ये ती डॉक्टर झाली आणि तिचा तिथे फुकट दवाखाना आहे.

म्हणजे बघा. एकच रात्र, एकच गल्ली, तेच दोन मृतदेह. ते बघून दोन माणसांनी दोन वेगवेगळे निर्णय घेतले. एक आठ वर्षांचा होता, एक मोठी होती. आठ वर्षांच्या पोरानं ठरवलं, की मी एवढा भयंकर होईन की असं करायची कुणाची छाती होणार नाही. आठ वर्षांच्या पोरानं हेच ठरवायचं, त्यात त्याचा दोष नाही. अडचण एवढीच, की तो निर्णय त्यानं मोठा झाल्यावर परत काढून तपासला नाही. मोठ्या बाईनं ठरवलं, मी इथून हलणार नाही. तिच्याकडे ना गुहा, ना मोटार, ना मुखवटा. तिचं नाव दारावरच्या पाटीवर आहे. चुकली तर जाब कुणाला विचारायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

ती म्हणजे माझ्या त्या शाळेतल्या बाईच. पैसे कुणाच्या हातातून जावेत, याचं उत्तर गॉथमलाही 1976 पासून माहीत आहे.

तेव्हा निकाल असा. ब्रूस वेननं शहर विकत घेतलं नाही, हे ठीकच केलं. जोकरला मारलं नाही, हे तर फारच चांगलं केलं, आणि ते आपल्यापैकी पुष्कळांनी शिकण्यासारखं आहे. पोरांना यात ओढलं, हे अक्षम्य. आणि मुखवटा? शहरात एकही गॉर्डन उरला नसेल, तर काही रात्रींपुरता समजू शकते. पण पहिला प्रामाणिक आयुक्त खुर्चीवर बसला, त्या दिवशी तो उतरवायला हवा होता.

कधी त्याच्याकडे हिशोबनीसाची जागा निघाली तर मी अर्ज करीन म्हणते. पगाराची अपेक्षा माफक. अट एकच: लेस्लीबाईंच्या दवाखान्याचं बिल दर महिन्याच्या एक तारखेला भरायचं, आणि मोटारीचे टायर त्यानंतर.